मार्थाआत्या ओळ द्यायची

रविवारी सकाळी मार्थाआत्याच्या नातीचा, सुवार्ताचा फोन आला. "काका, रानात कुकर आलाय. आजीला पण बाहेर आणून बसवलंय. येता का?"

शहरातल्या माणसाला कुकर म्हटलं की वरण-भात आठवेल. आमच्या गावी, कुरुंद्याकडं, मार्च महिन्यात कुकर म्हणजे हळद शिजवायचं यंत्र. खाली भट्टी, वर पाण्याची टाकी, बाजूला माणूस मावेल एवढाले दोन ड्रम. ड्रमात ओली हळद भरायची आणि टाकीतली वाफ नळीनं आत सोडायची. एकाचं रान आटोपलं की ट्रॅक्टरला जोडलेला कुकर दुसऱ्याच्या रानात जातो, आणि ज्याच्या रानात तो उभा राहतो त्याच्याकडं त्या दिवशी लग्नघराची गडबड असते. मी हिंगोलीत राहतो, शाळेतून निवृत्त झालोय, आणि बोलावणं आलं की नाही म्हणायची मला सवय नाही. एसटी पकडली.

वसमतचा रस्ता लागला की खिडकीतून वास यायला लागतो. हळद लोकांना मसाल्याच्या डब्यातली माहीत असते. शिजत्या हळदीचा वास वेगळा. त्यात उकडलेलं रताळं असतं, ओली माती असते, आणि लहानपणी धडपडल्यावर आईनं गुडघ्याला लावलेला गरम लेपही असतो. हा वास आला की मला आमचा उपासकाळ आठवतो.

उपासकाळ म्हणजे प्रभूच्या मरणाची आठवण धरून ईस्टरच्या आधी पाळायचे चाळीस दिवस. आमची ख्रिस्ती मंडळी वीस-बावीस घरांची, पत्र्याच्या देवळात जमणारी. देऊळच म्हणतो आम्ही. चर्च हा शब्द पाहुणे आले की काढायचा. उपासकाळ आणि हळदीचा हंगाम आमच्याकडं हातात हात घालून येतात, म्हणून त्या दिवसांत देवळात सगळ्यांची बोटं पिवळी. प्रभुभोजनाची भाकर पिवळ्या बोटांनी घ्यायची आणि पिवळ्या बोटांनी शेजारच्याकडं सरकवायची. मेजावरच्या पांढऱ्या कापडाचे डाग धुऊन निघेनात, तेव्हा पाळकीणबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या, आमच्या धर्मगुरूंच्या बायकोनं, नाद सोडला. "राहू द्या," म्हणाल्या, "कुणाचे हात हायत ते देवाला ठावं हाय."

या देवळात माझी मार्थाआत्या ओळ द्यायची.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, पण दोनशेच्या वर गीतं तिला तोंडपाठ. जुन्या काळी मंडळीत वाचता येणारे दोघं-तिघंच होते. मग एकानं ओळ म्हणायची, सगळ्यांनी ती ऐकून गायची, अशी रीत पडली. आमच्याकडं तिला ओळ देणं म्हणतात. पुढं पोरं शिकली, घरोघरी गीतांची पुस्तकं आली, तरी ओळ द्यायची रीत राहिली, कारण आत्या होती. ती उभी राहायची, पदर डोक्यावर नीट घ्यायची, आणि म्हणायची:

"ये गा मेंढपाळा, वाट मी चुकले…"

मग अख्खं देऊळ तिच्या मागून जायचं. पुरुषसुद्धा "चुकले"च म्हणायचे, कारण गाणारी मेंढी आहे. मिशा असलेली, विड्या ओढणारी दांडगी माणसं मान खाली घालून स्वतःला मेंढी म्हणवून घेत. मला लहानपणी त्याचं फार हसू यायचं. आता येत नाही.

"काट्यांत गुंतले, सोडवी गा."

या गीताची चाल कुठून आली कुणास ठाऊक. पुस्तकात एक इंग्रजी चाल दिलेली होती, ती आमच्या माणसांच्या गळ्यात कधी बसलीच नाही. नामदेवांच्या नरसीच्या वाटेवर टाळ वाजतात, तिकडच्याच वाऱ्यावर बसून ही चाल आमच्या देवळात आली असावी, असा माझा अंदाज. अशा गोष्टींना आपल्याकडं कुणी पावती मागत नाही.

मेंढपाळाच्या गीताची दहा कडवी. आत्यानं ओळ द्यायची, मंडळीनं घ्यायची, मध्ये श्वास. पुरं गीत व्हायला वीस-बावीस मिनिटं लागत. आणि कुकरचा एक भरणाही तेवढ्याच वेळात शिजतो. हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं माहीत नाही, पण आत्याच्या रानात घड्याळ कुणी बघत नसे. वाफ सोडली की आत्या गीत धरायची, हळद भरणाऱ्या बाया मागून म्हणायच्या, आणि दहावं कडवं संपलं की कुकरवाला गंगाधर वाफ बंद करायचा. गंगाधर माळकरी माणूस, एकादशी कधी न चुकवणारा. पण ते गीत त्याला आमच्या पोरांपेक्षा पक्कं यायचं. "मार्थाबाई, सातवं चालू हाय, लाकूड सारू का?" असं भट्टीपाशी बसून विचारायचा.

मला आठवतो तो हंगाम आठ वर्षांपूर्वीचा. सुवार्ता पुण्यात नर्सिंगचं पहिलं वर्ष करून परीक्षेआधीच्या सुट्टीवर आली होती. पुण्यात तिनं मोठं चर्च पाहिलं होतं, तिथं गिटार, ड्रम, भिंतीवर शब्द. ती माझ्याकडं हिंगोलीला आली आणि म्हणाली, "काका, आपल्याकडची पोरं देवळात येऊन मोबाईल बघत बसतात. त्यांना गीतातलं काही कळत नाही. 'सोडवी गा' म्हणजे काय, विचारा बरं एकाला. तुम्ही मराठीचे सर. गीतं सोपी करून द्या ना."

मराठीच्या मास्तरला कुणी 'सोपं करून द्या' म्हणणं म्हणजे उंदराला भाकरीची राखण सांगणं. जन्मभर मी लाल शाईनं दुसऱ्यांची वाक्यं सरळ केली. माझ्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा तिच्यातल्या सात चुकांवर मी खुणा केल्या होत्या, सासरे अजून ती गोष्ट सांगतात. आठ दिवसांत मी गीत नवं केलं. दहाची पाच कडवी केली. जुने शब्द काढले. मेंढपाळ काढून तिथं मित्र घातला, म्हटलं आजच्या पोरांना मेंढपाळ काय कळणार! हिंगोलीत पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकायचं काम मी मन लावून केलं. पुढं देवळातलंच एक कार्टं मला म्हणालं, "सर, मेंढरं तर रोज आमच्या दारावरून जातात. मित्र कुठला आला मधीच?"

उपासकाळाच्या पहिल्या रविवारी देवळात पांढरी चादर ताणली. नांदेडहून कुणाचा तरी प्रोजेक्टर आणला होता. कीबोर्ड आला. चादरीवर माझे शब्द ठळक अक्षरांत उमटले आणि माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पोरांनी गीत उचललं, टाळ्या धरल्या. चार मिनिटांत गीत संपलं. पोरांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्या देवळात त्याआधी पाहिला नव्हता. हेही खरं आहे आणि ते मी आजही नाकारत नाही.

आत्या नेहमीच्या जागी उभी होती. पदर नीट करून तिनं तोंड उघडलं होतं. तोवर गीत तिच्या पुढं निघून गेलं होतं. तिनं चादरीकडं पाहिलं, मग शेजारणीकडं पाहिलं, आणि ती खाली बसली.

पुढचे चार रविवार ती आली, बसली, प्रार्थना केली, आणि एकदाही गायली नाही. घरीही नाही. तिचा मुलगा दावीद मला म्हणाला, "सत्यादादा, म्हातारी भाकरी थापताना पण गप हाय. घर खायला उठतंय." सुवार्ता रडकुंडीला आली. तिला पोरं देवळात आणायची होती, आजीला घालवायचं नव्हतं. आत्यानं लहानपणी मला कडेवर घेऊन गीतं म्हटली होती. ती पुन्हा गायली नाही तर तो आवाज माझ्या लाल शाईनं बंद केला, असा त्याचा अर्थ होता आणि तो मला टाळता येत नव्हता.

मी समजावायला गेलो. "आत्या, सोपं तर हाय. पडद्यावर सगळं येतं."

ती शेंगा फोडत होती. फोडतच राहिली. मग म्हणाली, "सत्या, मला वाचाया येत न्हाई, हे इतके वर्सं मीच इसरून गेले होते बघ. तुझ्या पडद्यानं ध्यानात आणून दिलं."

मी उठून अंगणात गेलो. तिच्यासमोर डोळे पुसायची लाज वाटली.

त्याच आठवड्यात तिच्या रानात कुकर आला. मी प्रायश्चित्ताला जावं तसा मदतीला गेलो. आत्या बाभळीखाली लांब बसली होती, गीत धरायला कुणी नव्हतं. सुवार्ता आणि देवळातल्या चार पोरी हळद भरत होत्या. दुपारी गंगाधर भाकर खायला ओढ्याकडं निघाला आणि सवयीनं मला सांगून गेला, "सर, वाफ सोडलीया. गीत झालं की बंद करा अन् वता."

पोरींनी गीत धरलं. नवं. पाच कडवी झाली. मी हिशेबी माणूस, म्हटलं जुनी दहा होती, तर हे दोनदा झालं पाहिजे. पोरींना म्हणालो, "अजून एकदा." त्यांनी टाळ्या वाजवत पुन्हा म्हटलं. दहा कडवी बराबर झाली. मी मोठ्या रुबाबात वाफेचा कॉक बंद केला, दावीदनं दोन्ही ड्रम कलते केले, आणि पिवळीधमक हळद ताडपत्रीवर ओतली गेली. किती छान दिसत होती!

गंगाधर हात पुसत आला. त्यानं एक हळकुंड उचललं, काडी टोचली. काडी अर्ध्यात अडली. त्यानं ते मोडलं, मध्ये पांढरट, टणक. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग सूर्याकडं पाहिलं. "सर, इतक्यात गीत झालं?"

"दहा कडवी मोजली मी," मी म्हणालो.

"मोजली असतील. पण हळद कच्ची हाय."

आधी एक पोरगी फिसकन हसली, मग दुसरी. आणि मग बाभळीखालून असं हसू आलं, की तोंडाला पदर लावूनही आवरेना. आत्या उठून आली. तिनं ते मोडकं हळकुंड हातात घेतलं, अंगठ्यानं दाबलं, आणि माझ्यापुढं धरलं.

"पी हळद अन् हो गोरी झालं रे तुमचं," ती म्हणाली. "सत्या, शब्दाचं काही न्हाई. शब्द तू बदल, मला काय त्याचं? पण वाफ तर धरू द्यावी का न्हाई? मी ओळ देते तवा ती आधी कानात जाती. मग आत जाती. मग तोंडात येती. तुमी थेट तोंडातच घालता."

एकतीस वर्षं कविता शिकवून ही गोष्ट मला कुणाला सांगता आली नव्हती. मी बी.एड.च्या वेळी पाठांतरावर निबंध लिहिला होता, त्यातही ती नव्हती.

हळद पुन्हा ड्रमात भरली. पुन्हा शिजवलेल्या हळदीचा रंग थोडा उतरतो, त्या भरण्याचा उतरलाच. दावीदनं उलट मलाच पाणी आणून दिलं, म्हणून मला जास्त लागलं. वाफ सोडली. गंगाधरनं आत्याकडं पाहिलं. आत्यानं सुवार्ताकडं पाहिलं.

"आजी, धर ना," सुवार्ता म्हणाली.

आणि आत्यानं धरलं. चार आठवडे न वापरलेला आवाज आधी थोडा खरखरला, मग मोकळा झाला. "ये गा मेंढपाळा…" पोरी मागून म्हणू लागल्या. त्यांना ते लांबण कंटाळवाणं वाटेल असं मला वाटलं होतं. पण उत्तर द्यायला मिळतं म्हटल्यावर त्यांना मजा यायला लागली. तिसऱ्या कडव्याला एकीनं टोपल्यावर ठेका धरला. आत्यानं मान हलवली, आणि पुढची ओळ त्या ठेक्यावर दिली. मी ड्रमला टेकून उभा होतो, पाठीला चटका बसत होता, आणि मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुवार्ता एक कागद घेऊन आली. "काका, एक कडवं मी केलंय. शेवटच्या कडव्याच्या आधी बसेल का?" मी पेन काढला. कागदावर लिहिलं होतं:

"शहरात गेले, गर्दीत बुडाले,
नाव माझे कुणी घेत नाही."

मी पेन खिशात ठेवला. पुण्याच्या होस्टेलात त्या लेकरानं पहिलं वर्ष कसं काढलं, हे तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. नव्या पिढीसाठी गीत नवं करायचं ते हेच असावं. चाल तीच, मेंढी तीच, फक्त ती हरवली ती जागा दुसरी.

आत्याला ते वाचता येणार नव्हतं. मग ओसरीवर बसून सुवार्तानं तिला ओळ दिली आणि आत्यानं ती घेतली. जन्मभर दुसऱ्यांना ओळ देणारी बाई नातीच्या तोंडाकडं बघत पहिल्यांदा कुणाच्या तरी मागून म्हणत होती. दुसऱ्या ओळीला तिनं नातीचा हात धरला. "व्हय का गं?" एवढंच विचारलं. सुवार्तानं मान हलवली.

त्या ईस्टरला देवळात चादर होती, कीबोर्ड होता, टाळ्याही होत्या. आणि मध्ये आत्या उभी होती, ओळ देत. चादरीवरचे शब्द तिच्या मागून यायचे, पुढं पळायचे नाहीत. बटण दाबणाऱ्या पोराला तशी ताकीदच होती. मित्र गेला, मेंढपाळ परत आला. अकरा कडवी झाली. गंगाधर दाराशी उभा राहून ऐकत होता आणि नंतर मला म्हणाला, "आता भरणा जरा जास्त शिजंल, सर. चालतंय."

या सगळ्याला आठ वर्षं झाली. सुवार्ता आता हिंगोलीत दवाखान्यात नर्स आहे आणि गावाहून रोज जाऊन-येऊन करते. देवळातली पोरं मोठी झाली, काही पुण्या-मुंबईकडं गेली, ओळ द्यायची रीत बरोबर घेऊन गेली की नाही ठाऊक नाही. आत्या मात्र गेल्या दोन वर्षांत एकेक विसरत गेली. आधी भांडी कुठं ठेवली ते, मग वार, मग माणसं. मला ती पाळकसाहेब म्हणते. आधी मी दुरुस्त करायचो, "आत्या, मी सत्या." आता करत नाही. दुरुस्ती न करणं मी फार उशिरा शिकलो, आणि तेही तिच्यामुळंच.

रविवारी पोचलो तर बाभळीखाली बाजेवर आत्या बसली होती, अंगावर शाल, बोटं स्वच्छ. हंगामात तिची बोटं पिवळी नाहीत, हे बघून मला कसंतरी झालं. "सलाम, पाळकसाहेब," ती म्हणाली. मी सलाम केला. गंगाधरनं वाफ सोडली आणि सवयीनं बाजेकडं पाहिलं. आत्या भट्टीच्या धुराकडं बघत होती. तिला काही आठवत नव्हतं.

सुवार्ता तिच्या पायाशी बसली. तिनं आजीचा हात घेतला आणि ओळ दिली. "ये गा मेंढपाळा, वाट मी चुकले."

मग आत्याचे ओठ हलले. "वाट मी चुकले." आवाज अगदी बारीक, पण चालीत एक मात्रा इकडची तिकडं नाही. सुवार्ता ओळ देत गेली, आत्या घेत गेली. हळद भरणाऱ्या बाया आवाज दाबून मागून म्हणत होत्या. एक कडवं, दोन, सात. गंगाधरनं लाकूड सारलं, या वेळी न विचारता.

शेवटच्या कडव्याआधी सुवार्ताचं कडवं आलं. तिनं ओळ दिली, "नाव माझे कुणी घेत नाही."

आत्यानं ती घेतली नाही. ती नातीकडं बघत राहिली. मला वाटलं, धागा तुटला.

"काहून न्हाई घेत?" आत्या म्हणाली. "तुझं नाव मी रोज घेते की. देवापाशी."

सुवार्तानं आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं. बाया थांबल्या. ड्रममधून वाफेचा आवाज तेवढा येत होता. आत्यानं जरा वाट पाहिली, नातीच्या केसांवरून हात फिरवला, आणि मग माझ्याकडं वळली.

"पाळकसाहेब, पोरगी दमली. अजून शिजायची हाय. तुमी द्या पुढची ओळ."

माझा आवाज चांगला नाही, आणि मी कधी कुणाला ओळ दिली नव्हती. मी टोपी काढली.

"आता तुझी हाक कानी माझ्या आली," मी म्हणालो, आणि थांबलो, तिच्यापर्यंत पोचेपर्यंत.